शिवेवरची ओली मेंदी

फार वर्षांपूर्वी, जेव्हा तापाला औषध ठाऊक होतं पण देवीच्या रोगाला फक्त हात जोडायचे असतात असं लोक मानायचे, त्या काळातली ही गोष्ट. दगडसांगवी नावाच्या गावात ठकू नावाची माळीण राहायची. तिचा मळा गावाच्या खालच्या अंगाला, ओढ्याकाठी. मळ्याला काट्याचं कुंपण नव्हतं, मेंदीचं होतं. तिच्या सासूच्या सासूनं ते लावलं होतं. पुरुषभर उंच, गच्च, आणि फुलोऱ्यात आलं की अख्ख्या पांदीला वास सुटायचा. गावातल्या झाडून साऱ्या लग्नांची मेंदी त्या कुंपणातून जायची, असं म्हणतात.

ठकूचा नवरा भिवा मोट हाकताना पान लागून मेला. पान लागणं म्हणजे साप चावणं. त्या काळी सापाचं नाव घेत नसत. ठकू तेव्हा ऐन तारुण्यात होती आणि पदरात पारू नावाची एकच पोर होती. बांगड्या फुटल्या, कुंकू पुसलं, आणि गावानं एक नियम तिच्या हातावर ठेवला. विधवेनं मेंदी लावायची नाही, हे तर सगळीकडेच होतं. पण जिचं पोटच मेंदीवर, तिचं काय करायचं? तेव्हा जाणत्या बाया बसल्या आणि त्यांनी ठरवलं: ठकूनं पाला तोडावा, सावलीत वाळवावा, विकावा. वाळला पाला ठकूचा. पण त्याला पाणी लागलं की तो सवाष्णीचा. ओल्या लगद्याला ठकूनं बोट लावायचं नाही. ओली मेंदी हात रंगवते, आणि विधवेचा हात रंगला तर गावाचं वाटोळं होतं.

हे ठरवणाऱ्या बायांतल्या निम्म्या पुढं स्वतः विधवा झाल्या. पण ठरलं ते ठरलं.

ठकूनं नियम पाळला. घासभर भाकरी जिच्यावर अवलंबून असते ती बाई नियम पाळते. पाला वाटायची वेळ आली की ती शेजारच्या कौसा कुंभारणीला हाक मारायची. कौसाचं तोंड असं, की बाहेरून बोलली तरी भट्टीतलं मडकं तडकावं. ती पाट्यावर बसायची, वाटता वाटता बडबडायची.

"ठके, पाला तुझा, पाटा तुझा, पाणी तुझं. माझा काय तो नवरा जिता आहे तेवढा. त्याच्या जिवावर मी वाटतीय बघ. तसा तर तो काही कामाचा नाही, मेंदीपुरता उपयोगी पडला."

ठकू हसायची. तेव्हा तिला हसू यायचं.

वाळला पाला ती कसब्याला घेऊन जायची, हकीम नजीरसाहेबांकडं. म्हातारा माणूस, मेंदीनं रंगवलेली दाढी, दारात औषधी मुळ्यांचा वास. त्यांना मेंदी लग्नासाठी नको असायची. ते ठकूला ओट्याखाली बसवून पाण्याचा तांब्या द्यायचे आणि पाला हातावर चोळत सांगायचे की ही झुडपाची जात भारी आहे. तळपायाची आग होते त्याला तळव्यावर लेप. तोंड आलं तर पाला उकळून गुळण्या. भाजलं तर वर थापायची. नख किडलं तर बांधायची. डोकं उठलं तर फुलं सिरक्यात वाटून कपाळाला. ठकूच्या डोक्यात हे सगळं जाऊन बसलं. गावात कुणाचे पाय जळले, कुणाच्या तोंडात फोड आले, की ती पाला द्यायची, कौसा वाटून द्यायची, माणसाला उतार पडायचा. बाहेर नाव कौसाचं होई. ठकूला त्याचं काही वाटत नसे.

एकदा हकीमसाहेबांनी तिला देवीचं सांगितलं.

"ठकूबाई, मेंदी थंड असते. देवीची गरमी डोक्यात चढते आणि डोळे खाते. तळपाय म्हणजे अंगाचं मागलं दार. पोराला ताप चढला, की तळव्यांना जाड लेप द्यायचा. गरमी मागल्या दारानं गेली तर पुढच्या खिडक्या वाचतात."

"आणि जीव?" ठकूनं विचारलं.

"जीव अल्लाच्या हातात. मी डोळ्यांचं बोलतोय. पण पहिल्या तापातच, हां! अंगावर दाणा उठला, की मग मेंदी नुसता रंग."

ठकूनं ते ऐकलं आणि विसरली नाही. विसरली असती तर पुढचं दुःख थोडं कमी झालं असतं.

त्या साली फाल्गुन सरता सरता ऊन असं तापलं, की ओढ्यातले मासे चिखलात पालथे पडले. आणि एका दुपारी गावाच्या शिवेवर कुणाला तरी गाडा दिसला.

गाडा म्हणजे काय ते सांगायला हवं. एखाद्या गावात देवी आली, पोरं पटापटा जायला लागली, की ते गाव एक लहानसा लाकडी गाडा करायचं. त्यात देवीची मूर्ती, हिरवं लुगडं, बांगड्या, लिंबू, नारळ. तो वाजतगाजत ढकलत नेऊन पुढच्या गावाच्या शिवेत सोडायचा आणि मागं न बघता पळत घरी यायचं. आपली देवी दुसऱ्याच्या दारात. मग ते गाव सोसायचं आणि आपला गाडा त्याच्या पुढच्या गावात ढकलायचं. अशी ती बिचारी देवी गावोगाव ढकलली जायची. तिला घरात ठेवून घ्यायला कुणी तयार नाही आणि नाही म्हणायची छाती कुणाची नाही.

दगडसांगवीत देवी पहिल्यांदा उतरली ती कुंभारवाड्यात, कौसाच्या घरी. तिच्या धाकट्याला ताप भरला. ठकू दारात जाऊन उभी राहिली.

"कौसे, अजून दाणा नाही. वाट मेंदी. तळव्यांना लाव."

कौसानं कानांवर हात ठेवले. "हळू बोल! बाई घरात उतरल्यात. फोडणी बंद, वेणीफणी बंद, अन् मेंदी लावू? सणवार आहे का?"

देवीचा भोप्या गणू, देवळात पूजा करायचा तो, घरोघर निंबाचे डहाळे बांधत हिंडत होता. त्यानं बजावून ठेवलं होतं, घरात नटणं-मुरडणं दिसलं की देवी कोपते. कौसा तोंडाची जहाल, पण देवीला भ्याली. तिनं मेंदी वाटली नाही. पोरगं वाचलं. एक डोळा मात्र उकडलेल्या अंड्यासारखा पांढरा झाला.

त्यानंतर कौसा बडबडायची बंद झाली. कुंभारवाड्यात एवढी शांतता कुणी कधी ऐकली नव्हती.

आणि मग एका सकाळी पारूचं अंग तापलं. सात-आठ वर्षांची पोर, चुलीजवळ निजली ती उठेना. ठकूनं कपाळाला हात लावला आणि तिला कळलं. कुंपणाचा ओला पाला ओरबाडून तिनं टोपली भरली, पाटा धुतला, वरवंटा धुतला. आणि थांबली.

नियम होता ना. ओला लगदा सवाष्णीचा.

कौसाला हाक मारता येईना. ज्या घरात देवी उतरली त्या घरची बाई, पोर बरं होऊन त्याचं नहाण होईपर्यंत, दुसऱ्याचा उंबरा ओलांडत नाही. म्हणून ठकू टोपली घेऊन पाटलाच्या वाड्यावर गेली. पाटलाची सून दारात आली, टोपली बघितली.

"देवी गावात अन् तू मेंदी घेऊन हिंडतीस? लाज कुठं वाळत घातलीस?"

"तुमचा हात द्या नुसता, वैनी. चार वेळा वरवंटा फिरवा. पोरीचे डोळे जातील माझ्या."

"माझी पोरं नाहीत का घरात? देवीनं मलाच बघितलं म्हणजे?" आणि दार लागलं.

सुतारणीनं तर दारही उघडलं नाही. आतूनच म्हणाली, "विधवेच्या टोपलीतली मेंदी मी वाटू? माझं कुंकू पुसायला निघालीस का?"

तेलीण भली होती. ती म्हणाली, "वाटते बाई, का नाही वाटणार? पण आज मंगळवार आहे. देवीचा वार. उद्या ये."

आणखी किती दारं झाली ते कुणाला ठाऊक नाही. ती दिवसभर हिंडली. टोपलीतला पाला उन्हानं मलूल झाला. घरात पाटा होता, वरवंटा होता, पाणी होतं, दोन धडधाकट हात होते. आणि ती आई दिवसभर सवाष्णीचे हात शोधत हिंडली. सांगवीच्या बाया आजही हे सांगताना इथं थांबतात. पुढं सांगवत नाही.

दिवेलागणीला ती घरी आली तेव्हा पारूच्या कपाळावर दाणे उठले होते. बारीक, मोहरीएवढे.

ठकूनं टोपली पाट्यावर पालथी केली. पदर खोचला, पाणी ओतलं आणि स्वतः वाटायला बसली. तिनं लगदा मुठीनं उचलून पोरीच्या तळव्यांवर थापला, फडकी बांधली. मग आपल्या हातांकडं बघितलं. भिवा गेल्यापासून ते कोरडे होते. आता लाल होते. आभाळ कोसळलं नाही. दिवासुद्धा हलला नाही.

"एवढंच होतं?" ती म्हणाली. "एवढ्यासाठी मी दिवस घालवला?"

पारूचं तोंड दाण्यांनी भरलं, पापण्या सुजून मिटल्या त्या मिटल्याच. आत डोळे आहेत की गेले, ते पापण्या उघडेपर्यंत कुणालाच सांगता येत नसतं. रोज ठकू कोमट पाण्यानं पापण्या पुसायची आणि पोर विचारायची, "आई, उजाडलं का गं?" बाहेर ऊन रणरणत असायचं. ठकू म्हणायची, "नाही अजून. नीज."

पण त्याआधी, त्या मंगळवारच्या दुसऱ्याच दिवशी, तेलीण आली. तिच्या थोरल्याला ताप भरला होता. ती अंगणातच उभी राहिली, वर बघेना.

"आज मंगळवार नाही ना?" ठकूनं विचारलं.

तेलीण रडायला लागली. ठकू उठली, पाला तोडला, तेलणीच्या पाट्यावर आपल्या हातानं वाटला आणि तिच्या पोराच्या तळव्यांना लावला. दाणा उठायच्या आधी. त्या पोराला देवी आली, अंग भरून आली, पण डोळे हरणासारखे राहिले.

मग ठकू कुणाच्या हाकेला थांबली नाही. ताप आला हे कळलं, की ती दारात. कुणी शिव्या द्यायचं, कुणी पाया पडायचं, बहुतेक जण आधी शिव्या देऊन मग पाया पडायचे. ज्या दारानं ती आत गेली त्या दाराच्या चौकटीवर तिचा लाल पंजा उठायचा आणि तो धुतला तरी जायचा नाही, असं म्हणतात. सकाळी ओरबाडलेलं कुंपण संध्याकाळी पुन्हा हिरवं व्हायचं, असंही म्हणतात. तिचे हात आधी मनगटापर्यंत लाल होते, मग कोपरापर्यंत झाले. सुतारणीच्या पोरीला तिनंच लेप दिला. सुतारीण म्हणाली, "मी तुला तसं बोलायला नको होतं." ठकू म्हणाली, "नको होतं. पाय धर पोरीचे, हलवतीय ती."

पण सगळी पोरं वाचली नाहीत. मेंदी डोळे राखते, जीव नव्हे. स्मशानाची वाट रोजची झाली. आणि रोज कुणी ना कुणी म्हणायचं, ही रंडकी लाल हात घेऊन गावभर हिंडतीय, म्हणून देवी निघत नाही. भोप्या गणूनं तर देवळात तसं बोलूनच दाखवलं.

शेवटी पाटलानं सांगितलं, गाडा करा. सुतारानं गाडा केला, देवीला हिरवं लुगडं नेसवलं. पुढचं गाव उखळी. तिथं अजून एकाही पोराचं अंग तापलं नव्हतं.

गाडा वेशीशी आला तेव्हा ठकू वाटेत आडवी उभी होती.

"उखळीला पोरं नाहीत का पाटील?"

"आपल्याकडं गाडा ढकलणाऱ्यांनी आपल्याला विचारलं होतं का?"

"नाही विचारलं. म्हणून तर मी विचारतीय."

"बाजूला हो ठकू. तुझ्या पोरीचंही भलं होईल यात. बाई गावातून निघाल्या तर निघतील डोळे बरे."

हा शब्द ठकूच्या काळजात रुतला. तीही आई होती. ती बाजूला झाली. पण गाड्याच्या मागं मागं चालत राहिली, कमरेवर वाटल्या मेंदीची टोपली आणि काखेला पाण्याची घागर.

सांगवीची शीव संपते आणि उखळीची लागते तिथं एक सपाट काळा खडक आहे. गाडा त्या खडकावर चढला आणि चाक अडकलं. भर दुपार. पोरांनी रेटा दिला, गाडा हलेना. तेव्हा भोप्या म्हणाला, "सोडा इथंच, शीव आलीच आहे." सगळे उलटे फिरले आणि मागं न बघता पळत सुटले. ठकू एकटी राहिली. आणि तिथून पुढं काय झालं ते कौसानं बघितलं. कौसाच्या पोराचं नहाण झालं होतं, ती ठकूला शोधत भाकरी घेऊन आली होती आणि बाभळीआड थबकली होती. नाहीतर तुम्हाला मला हे कळतं कसं?

गाड्यातून एक म्हातारी उतरली. हिरवं लुगडं, तोंडभर व्रण, केस पिंजारलेले. ती खडकावर बसली आणि तिनं पाय पसरले.

"पाय जळतात गं माझे," ती म्हणाली. "किती गावं चालले. नैवेद्य सगळे देतात. बस म्हणत कुणी नाही."

ठकूनं ओळखलं. पण जळणारे पाय तिनं आयुष्यभर बघितले होते. तिला आधी पायच दिसले. ती खाली बसली, लगदा कालवला आणि म्हातारीच्या दोन्ही तळव्यांना जाड लेप दिला. म्हातारीनं डोळे मिटले. असा सुस्कारा टाकला की उन्हातला वारा गार झाला.

"मेंदी वाळेपर्यंत पाय टेकायचा नाही," ठकू म्हणाली. "बाईमाणसाचा नियम आहे. तुम्हालाही ठाऊक असंल."

"ठाऊक आहे," म्हातारी म्हणाली. ती देवी असली तरी बाईच होती.

ऊन तावत होतं. लेपाच्या कडा वाळायला लागल्या. ठकूनं ओंजळभर पाणी घेतलं आणि तळव्यांवर शिंपडलं. पुन्हा कडा वाळल्या, पुन्हा शिंपडलं. संध्याकाळ झाली. म्हातारीनं डोळे उघडले.

"ठके, वाळू दे आता. उखळीला जायचंय मला."

ठकूनं पाणी शिंपडलं.

"असं आहे होय?" म्हातारी हसली. "बसवून ठेवतीस मला?"

"बसा की. दमला आहात."

म्हातारीनं उखळीकडं बघितलं. मग हळूच म्हणाली, "तुझ्या पोरीचे डोळे माझ्यापाशी आहेत."

ठकूचा हात घागरीत थांबला.

"मला उठू दे. मी उखळीला जाते. तुझ्या गावाकडं पुन्हा वळणार नाही. आणि जाता जाता पोरीच्या पापण्यांवरून हात फिरवून जाते. सकाळी ती तुला बघंल. बोल."

कौसा सांगायची की त्या वेळी बाभळीवरचं पाखरूसुद्धा बोलायचं थांबलं. पलीकडं उखळीच्या चुलींचा धूर वर चढत होता. उखळीत ठकूचं कुणी नव्हतं. ना माहेर, ना सोयरीक. तिथल्या एका पोराचं नाव तिला ठाऊक नव्हतं. आणि घरी पारू होती, मिटल्या पापण्यांची. लेपाच्या कडा वाळत आल्या होत्या, तडकत होत्या. ठकू नुसती बघत होती. कौसाच्या मनात आलं, ओरडावं, घे गं बाई, घे पोरीचे डोळे! तिच्या स्वतःच्या पोराचा डोळा गेला होता. पण तिनं पदर तोंडात कोंबला.

मग ठकूनं ओंजळ भरली आणि म्हातारीच्या तळव्यांवर रिती केली. ती मोठ्यानं रडत होती. गुरानं हंबरावं तशी. पण पाणी शिंपडायची थांबली नाही.

"तुझे हात कोरडे पडले की मी उठले," म्हातारी म्हणाली.

"पडू देणार नाही," ठकू म्हणाली.

नंतर किती दिवस गेले ते कुणी मोजलं नाही. कौसा रोज ओढ्यातल्या झऱ्यातून घागर भरून खडकाच्या अलीकडं ठेवायची. बाभळीच्या पुढं जायची तिची छाती झाली नाही. कुंपणाचा पाला संपला. ते पुन्हा फुटायचं थांबलं होतं, जणू ठकूला विसरलं होतं. काटक्या उरल्या. मग ठकू नुसतं पाणी शिंपडायची. घागर रिती झाली तर डोळ्यांतलं. ती खात नव्हती, निजत नव्हती. लाली कोपरावरून खांद्याला पोचली होती. गावात एकाही नव्या पोराला ताप आला नाही. उखळीत तर काही झालंच नाही.

एका सकाळी कौसा आली तेव्हा खडकावर म्हातारी दिसेना. ठकू तशीच बसली होती, ओंजळ पुढं केलेली, ओंजळीत पाणी. अंगात जीव नव्हता. आणि तिच्या समोर खडकावर दोन तळव्यांचे लाल ठसे होते, ओले.

कुणी म्हणतं देवी तेव्हाच विरघळली. सांगवीच्या बाया तसं मानत नाहीत. त्या म्हणतात, ती तिथंच बसली आहे, मेंदी वाळायची वाट बघत.

त्याच सकाळी घरी पारूच्या पापण्या उघडल्या. आत काही नव्हतं.

पारूला कौसानं वाढवलं. मोठी झाल्यावर तिला सगळं सांगितलं. लोकांना वाटतं, पोर म्हणाली असेल की आईनं पुण्य केलं. तसलं काही ती म्हणाली नाही. ती म्हणाली, "उखळीची पोरं डोळस अन् मी आंधळी. माझी आई होती ना ती? का त्यांची?" पण पारू दर साली चैत्रात चाचपडत शिवेवर जायची, खडकावर पाणी घालायची, परत यायची. मरेपर्यंत.

पुढं देवीची टोचणी आली, आणि देवी साऱ्या जगातून गेली असं सरकारनं सांगितलं. चांगलं झालं. पण दगडसांगवीनं त्यानंतरही कधी गाडा ढकलला नाही, कसलाच नाही. आणि चैत्रातल्या एका मंगळवारी उखळीच्या बाया मेंदीचा पाला टोपल्या भरभरून सांगवीला आणतात. तो सवाष्णी वाटत नाहीत. सांगवीच्या विधवा वाटतात, आधी आपले हात रंगवतात, मग खडकावर ठशांना लेप देतात, आणि त्यानंतर नव्या नवरीमुलींच्या हाताला तोच लगदा लागतो. एखाद्या नवरीनं नाक मुरडलं, तर तिला कोऱ्या हातानं घरी पाठवतात, मग ती पाटलाची सून का असेना.

उन्हाळाभर त्या खडकाला पाण्याची पाळी असते. आज हिचं घर, उद्या तिचं. टँकरनं पाणी आलेल्या सालातही पाळी चुकली नाही. नवीन लग्न होऊन आलेली पोर डोक्यावर घागर घेऊन उन्हात कुरकुरते, सासूला विचारते, अहो आत्याबाई, दगडाला कशाला पाणी घालायचं? प्यायला नाही अन् दगडाला?

सासू म्हणते, "आधी घाल. मग सांगते."